वाचकांचे प्रश्न : प्रीमियम पेट्रोल कोणत्या गाडीला?

प्रश्न : माझ्याकडे २०१६ सालची १.२ लिटर इंजिनाची छोटी गाडी आहे. पंपावर गेलो की तेथील मुलगा हमखास विचारतो, ‘साहेब, प्रीमियम टाकू का?’ लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजल्याने इंजिनाचे आयुष्य आणि अ‍ॅव्हरेज खरोखर वाढते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ‘किमान ९१ ऑक्टेन’ असे लिहिलेले असेल, तर प्रीमियम पेट्रोलाने तिला जाणवण्याजोगा फायदा होणार नाही. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की, ऑक्टेन हे पेट्रोलच्या ताकदीचे माप नसून त्याच्या सहनशक्तीचे माप आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते तेव्हा ते तापते. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत जावी अशी अपेक्षा असते, परंतु पेट्रोलला तो दाब आणि उष्णता सोसवली नाही, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. त्यालाच नॉकिंग म्हणतात. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० आणि हेप्टेनला ० गुण देऊन ही मोजपट्टी तयार झाली. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ९१ भाग आयसोऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. त्यात किती उष्णता साठलेली आहे, याच्याशी या आकड्याचा थेट संबंध नाही. ज्या इंजिनात ९१ च्या पेट्रोलावर नॉकिंग होतच नाही, त्याला ९५ चे प्रीमियम पेट्रोल देऊन आपण न उद्भवलेल्या अडचणीवर पैसे खर्च करतो.

हिशेबही करून पाहावा. साधे पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये लिटर धरले, तर केवळ खर्चाची बरोबरी होण्यासाठी १५ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज १६ च्या वर जायला हवे. एवढी वाढ या गाडीत होणार नाही, आणि महिन्याला ६० लिटर पेट्रोल लागत असेल तर वर्षाला ५,७६० रुपये जास्त जातील. त्या पैशांत वेळेवर ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग बदलले, तर इंजिनाचे आयुष्य निश्चित वाढेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्पीड, पॉवर, एक्सपी ही विक्रीची नावे आहेत. नावापुढे ९५, ९७, ९९ किंवा १०० असा आकडा असेल, तरच ऑक्टेनबद्दल काही कळते. म्हणून पंपावर नावाऐवजी आकडा विचारावा.

प्रश्न : नवी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आहे. टाकीच्या झाकणाच्या आत ‘९५’ असे लिहिलेले आहे, पण गावाकडे जाताना प्रत्येक पंपावर ते पेट्रोल मिळत नाही. कमी आकड्याचे भरले तर इंजिन बिघडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम पुस्तिका नीट वाचा, कारण ‘किमान’ आणि ‘शिफारस’ हे दोन शब्द वेगळे आहेत. ‘शिफारस ९५, किमान ९१’ असे असेल, तर अडचणीच्या वेळी ९१ चे पेट्रोल भरण्यास हरकत नाही. इंजिनावरील नॉक सेन्सर नॉकिंगची कंपने ओळखतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन सुरक्षित राहते, मात्र ताकद कमी होते आणि पेट्रोल जास्त लागते. टर्बो गाडीत हवा आधीच दाबून आत सोडलेली असल्यामुळे हा फरक चांगलाच जाणवतो, आणि भर उन्हात, चार माणसे व सामान घेऊन, एसी सुरू ठेवून कसारा घाट चढताना तर तो लपतच नाही. आपल्या गाडीसाठी ९५ चे पेट्रोल हा खर्च योग्य आहे आणि तो मी नेहमी करण्यास सांगेन.

‘किमान ९५’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर मात्र कमी आकड्याचे पेट्रोल टाळावे. नाइलाजाने भरावे लागलेच, तर अर्धी टाकीच भरावी, वेग माफक ठेवावा आणि पुढे मिळेल तेथे ९५ चे घालावे.

काही वाचक केवळ कॉम्प्रेशन रेशोवरून, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते त्या आकड्यावरून, पेट्रोल ठरवतात. तेही पुरेसे नाही, कारण काही हायब्रिड गाड्यांचा रेशो १३ च्या पुढे असूनही झडपा उशिरा मिटवण्याच्या रचनेमुळे प्रत्यक्ष दाब कमी राहतो आणि त्या साध्या पेट्रोलवर व्यवस्थित चालतात. शेवटी ज्याने इंजिन घडवले त्याने दिलेला आकडाच खरा.

प्रश्न : २००९ सालची गाडी आंबा घाट चढताना खडखड असा आवाज करते. मेकॅनिकच्या सांगण्यावरून प्रीमियम पेट्रोल भरले आणि आवाज थांबला. आता कायम तेच भरावे का? शिवाय त्यात इथेनॉल नसते, हे खरे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आवाज थांबला हे चांगलेच झाले, पण दुखणे गेलेले नाही. ही गाडी नवी असताना साध्या पेट्रोलवर हाच घाट निमूटपणे चढत होती ना? मग इतक्या वर्षांत पेट्रोलपेक्षा इंजिनात काय बदलले, हे शोधायला हवे. सिलिंडरच्या माथ्यावर कार्बनचा थर साचला की आतली जागा कमी होऊन दाब वाढतो आणि तापलेला थर स्वतःच ठिणगीचे काम करू लागतो. चुकीच्या प्रकारचे प्लग, कूलंट कमी होऊन इंजिन तापणे, ठिणगीचे टायमिंग हलणे, ही आणखी काही कारणे. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रडवत चढ चढण्याची सवय असेल, तर त्यानेही हाच आवाज येतो. एक गिअर खाली टाकून पाहा. तपासणी होईपर्यंत ९५ चे पेट्रोल जरूर भरा, कारण सततचे नॉकिंग पिस्टनला भोके पाडू शकते. कारण सापडून दुरुस्ती झाली की पुन्हा साध्या पेट्रोलवर या.

इथेनॉलबद्दलचा समज चुकीचा आहे. ९५ ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलातही इथेनॉल असते. जास्त किमतीमुळे ते निव्वळ पेट्रोल ठरत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या, १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिलेला आहे. आपल्या गाडीच्या वयाचा विचार करता इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत. पेट्रोलचा वास येऊ लागला, तर एक दिवसही थांबू नये.

प्रश्न : माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तेथील साधे पेट्रोल ८७ चे, आपले अनेक वर्षे ९१ चे होते. म्हणजे आपले पेट्रोल अधिक चांगले का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. आपल्याकडे व युरोपात ‘रिसर्च’ पद्धतीचा आकडा, म्हणजे आरओएन, लिहितात. अमेरिकेत ‘रिसर्च’ आणि त्याहून कडक असलेली ‘मोटर’ पद्धत यांची सरासरी पंपावर छापतात. तिकडचे ८७ म्हणजे आपले सुमारे ९१ आणि तिकडचे ९१ म्हणजे आपले सुमारे ९५. परदेशातील व्हिडिओ पाहून गाडीचे पेट्रोल ठरवणाऱ्यांनी हा फरक अवश्य लक्षात घ्यावा.

प्रश्न : महिन्यातून एकदा १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरले, तर इंजिन आतून स्वच्छ होते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ऑक्टेनने काहीच स्वच्छ होत नाही. सफाई करतात ती पेट्रोलात मिसळलेली डिटर्जंट द्रव्ये, आणि ती ९५ च्या पेट्रोलातही असू शकतात. पेट्रोल इनटेक (हवा आत घेणाऱ्या) झडपेच्या आधी फवारणाऱ्या इंजिनात ही द्रव्ये इंजेक्टर व झडपा दोन्ही धुतात; परंतु डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, झडपेच्या पाठीला लागतच नाही, म्हणून तेथील काजळी कितीही महाग पेट्रोलने निघत नाही. ती पूर्णपणे काढण्यासाठी सहसा वर्कशॉपमध्ये मॅनिफोल्ड (झडपांकडे हवा नेणारी नळी) उतरवावे लागते.