वहीतलं प्रश्नचिन्ह

सप्रेम नमस्कार ताई,

धायरीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. तुमचा मुलगा आता अकरावीला जाईल. दोन वर्षं त्याच्या डोक्यात अजगरांशिवाय काही नाही. दुर्मिळ अजगरांची शुद्ध ब्लडलाइन, म्हणजे वंश, जपून पिल्लं वाढवणारा ब्रीडर व्हायचं म्हणतो. वडील म्हणतात, सापांवर कुणाचं पोट भरलंय, गपचूप कॉम्प्युटरला घाला. त्यात एका ओळखीच्या मुलाने त्याला बॉल पायथन या परदेशी अजगराची जोडी देऊ केली आहे, ‘शंभर टक्के प्युअर, कागद नंतर देतो’ असं सांगून. तुम्ही विचारलंय, हा नाद सोडवू कसा?

सोडवू नका. जोडी मात्र घरात येऊ देऊ नका.

त्याच्या वहीच्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलात, बहुधा किती वेळ वाया घालवतो ते दाखवायला. मी त्या फोटोपाशीच थांबले. चौकटीची वही, नर म्हणजे चौकोन, मादी म्हणजे वर्तुळ, पेन्सिलीने जोडलेल्या डायमंड पायथनच्या चार पिढ्या. दुसऱ्या ओळीतल्या एका चौकोनात नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. आणि त्या नरापासून पुढे जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या कोपऱ्यात त्याने तेच प्रश्नचिन्ह बारीक अक्षरात पुन्हा काढलंय. हे त्याला कुणी शिकवलं नसणार. मला त्या पानाचं फार कौतुक वाटलं.

का, ते सांगते. डायमंड पायथन हा ऑस्ट्रेलियातला, सिडनीच्या आसपासच्या किनारपट्टीतला काळा-पिवळा अजगर. ऑस्ट्रेलियातून देशी प्राण्यांची जिवंत व्यापारी निर्यात बंद आहे, त्यामुळे बाहेरच्या देशांत पाळलेले डायमंड मोजक्याच पूर्वजांपासून आलेले. त्यांचा कोस्टल कार्पेट पायथन या जवळच्या नात्यातल्या अजगराशी सहज संकर होतो. संकराची पिल्लं पुन्हा डायमंडशीच लावत गेलं, की काही पिढ्यांनी नुसतं बघून कुणालाच फरक सांगता येत नाही. आपल्याकडे खिल्लार खोंड जातिवंत आहे का, हे जाणता माणूस शिंगं आणि वशिंड बघून सांगेल. इथे डोळे कामाचे नाहीत, इथे सगळी मदार नोंदीवर. नोंदसुद्धा खोटी असू शकते. इंडोनेशियातून ‘बंदिवासात जन्मलेले’ म्हणून निर्यात झालेल्या हिरव्या अजगरांवर २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले किमान ८० टक्के जंगलातून पकडलेले निघाले.

म्हणून जिथे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह काढणारा मुलगा मला मोलाचा वाटतो. विकणारा माणूस त्या चौकोनात एखादं नाव भरून मोकळा होतो.

आता त्या जोडीचं. बॉल पायथन आफ्रिकेतला आहे, पण तो साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. तिचे नियम २०२४ मध्ये आले. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवावं लागतं. ‘कागद नंतर’ हा प्रकारच यात बसत नाही. आणि आपला देशी अजगर त्याच कायद्याच्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. तो कुणी देऊ केला तर हातही लावू नका, तो बाळगण्याला किमान तीन वर्षांचा तुरुंगवास आहे.

मुलाला म्हणावं, शुद्ध वंश जपण्याचं काम पगार घेऊन करणारी माणसं जगात आहेत. प्राणिसंग्रहालयांत प्रत्येक प्राण्याच्या वंशाची नोंदवही ठेवतात, तिला स्टडबुक म्हणतात. तिथे सुंदर रंगासाठी बापाशी लेक लावत नाहीत. उलट, उरलेल्या सगळ्यांशी ज्याचं नातं सर्वांत कमी, त्याला आधी जोडी मिळते. नोंद न ठेवल्याची किंमत आपण मोजलेली आहे. पंजाबातल्या छतबीडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर होऊन बसला, आणि शेवटी ते प्रजनन बंद करावं लागलं.

हे मी वडिलांसाठीही लिहितेय. कोणाचं कोणाशी किती नातं, हे सगळं गणित आणि कॉम्प्युटरवर चालतं. तेव्हा अकरावीला बायोलॉजी सोडायची नाही आणि गणितही सोडायचं नाही. फिजिक्स, केमिस्ट्री धरून चारही विषय जड जातील, पण दोन्ही दारं उघडी राहतील. पुढे ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन व्हेटर्नरी, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, हा मला सर्वांत भक्कम रस्ता वाटतो. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, इंटर्नशिप धरून, आणि कॉलेज जवळ शिरवळला आहे. अजगर नाही तर गायी-म्हशी, कुत्री-मांजरं आहेतच, घर चालतं. दुसरा रस्ता बी.एस्सी. करून वन्यजीवशास्त्राचा, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेपर्यंत जाणारा. तिथे जागा थोड्या, स्पर्धा मोठी, आणि नंतर बरीच वर्षं प्रोजेक्टच्या तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. हे त्याला आत्ताच स्पष्ट कळलेलं बरं. परदेशी अजगरांचा ब्रीडर म्हणून पुण्यात संसार उभा करण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही.

सुट्टी संपायच्या आत त्याला एकदा कात्रजच्या सर्पोद्यानात पाठवा. काचेपाशी शांत उभं राहून देशी अजगराच्या डोळ्याखाली बघायला सांगा. वरच्या ओठाचे खवले थेट डोळ्याला भिडलेले दिसतील. बर्मीज अजगरात मध्ये बारीक खवल्यांची ओळ असते. दोन्ही जाती लांबून सारख्याच वाटतात आणि बंदिवासात त्यांचाही संकर होतो. त्याने ते डोकं वहीत काढावं, फोटो नको.

आणि एक काम. अंतःप्रजनन गुणांक म्हणजे पिल्लाचे आईबाप एकमेकांच्या किती नात्यातले, याचं माप. सख्ख्या भावंडांच्या पिल्लाचा हा गुणांक ०.२५ येतो, आईबाप आधीपासून नात्यातले नसतील तर. त्याने आपल्या वंशावळीतल्या शेवटच्या पिल्लाचा गुणांक काढावा, एकदा त्या प्रश्नचिन्हाच्या जागी परका नर धरून आणि एकदा तिथे आईचाच भाऊ धरून. दोन्ही उत्तरं घेऊन तुम्ही तिघंही या, वडील नक्की. वही तीच आणा, आणि प्रश्नचिन्हं खोडू नको म्हणावं.