रोज प्राणायाम करते, तरी मुलावर हात उठतो

“सकाळी 15 मिनिटं न चुकता कपालभाती करते, तरी संध्याकाळी मुलावर हात उठतोच. मग योगाचा उपयोग काय?” 38 वर्षांच्या, ठाण्यातल्या एका ताईंचा हा प्रश्न. समुपदेशनात तो वरचेवर येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी त्यांचा दिवस मांडून पाहिला. दुपारी 1 वाजता डबा, त्यानंतर पोटात फक्त चहा. सव्वासातला लोकलच्या गर्दीतून घरी, साडेसातला चौथीतल्या मुलाचा भागाकार. भागाकारातला शून्य तिसऱ्यांदा विसरला की फटका.

कपालभातीचा यात दोष नाही. पण ती तरतरी आणणारी जलद क्रिया आहे, आणि सकाळच्या त्या 15 मिनिटांची संध्याकाळच्या रागाशी गाठच पडत नव्हती. पतंजलींनी योगसूत्रांत (2.34) क्रोधातून घडणाऱ्या हिंसेच्या मृदू, मध्य आणि अधिमात्र (म्हणजे तीव्र) अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. ताईंना श्वास आठवायचा तो तिसऱ्या पायरीवर, म्हणजे हात उचलल्यावर. पहिली पायरी शरीरात शोधावी लागते. त्यांची खूण सापडली: दाढा आवळल्या जायच्या आणि हातातलं पेन वहीवर टकटक वाजू लागायचं.

मग क्रम बदलला. घरी आल्यावर आधी केळं किंवा तूप-पोळी. रिकाम्या पोटी धीर धरवत नाही. थोडं थांबून भिंतीला पाय टेकवून 5 मिनिटं पाठीवर पडायचं, भ्रामरीची (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याची) 5 आवर्तनं, शेवटी 5 मिनिटं शवासन. शवासनात एकच नियम: नाकावर खाज आली तरी 3 श्वास हात हलवायचा नाही, नंतर खुशाल खाजवावं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण धीराची खरी तालीम इथेच होते. ऊर्मी आली आणि तरीही हात जागचा हलला नाही, हे शरीराला रोज शिकवायचं असतं. (वेदना होत असेल तर मात्र लगेच हलावं.)

अभ्यासाच्या वेळी पेन वाजू लागलं की ते खाली ठेवायचं. 4 आकड्यांत श्वास आत, 6 आकड्यांत बाहेर, असं सहा वेळा. एक मिनिट लागतं.

दुसऱ्या आठवड्यात बिनसलं. त्या श्वास ओढूनताणून 10 पर्यंत लांबवू लागल्या, वर रोखूनही धरू लागल्या, आणि गरगरलं. प्रमाण 3 आणि 4 वर आणलं, रोखणं बंद केलं. त्याहून मोठी चूक म्हणजे राग गिळून गप्प बसणं. रविवारी भाजीच्या फोडणीवरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं! म्हणून एक वाक्य ठरवलं: “मला राग येतोय, 2 मिनिटांत येते.” एवढं मुलाला सांगून बाल्कनीत जायचं. शिवाय भागाकार शनिवारी सकाळवर ढकलला.

रोजचे फटके सहाव्या आठवड्यात एकावर आले. त्या एकाबद्दल त्यांनी मुलाची माफी मागितली.

उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर जलद कपालभाती टाळा. काचबिंदू किंवा गर्भारपण असेल तर पाय भिंतीला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि एवढं करूनही मारणं थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.