'व्हॉइड'ला पोकळी म्हणा, पण निर्वात नको

प्लाझ्मा म्हणजे ज्यातले काही अणू आयन (भारित अणू) आणि सुट्या इलेक्ट्रॉनांत फुटलेत असा वायू; त्यात बारीक धूळ असली की तो 'डस्टी प्लाझ्मा'. धुळीच्या ढगात मधेच धूळ नसलेली जागा पडते, ती 'व्हॉइड'. अशा लेखाचं भाषांतर करताना 'व्हॉइड'साठी 'निर्वात पोकळी' चालेल का, असा प्रश्न आहे. पोकळी चालेल. निर्वात आधी खोडा.

या दोन शब्दांची जोडी शाळेपासून इतकी घट्ट बसलीय की एक लिहिला की दुसरा आपसूक हाताला येतो. पण निर्वात म्हणजे जिथे वायूच नाही अशी जागा. इथे वायू आहे, आयन आहेत, इलेक्ट्रॉनही आहेत. नाही ती फक्त धूळ.

प्रकार असा. विरळ आर्गॉनमध्ये विजेने प्लाझ्मा पेटवायचा आणि त्यात काही मायक्रॉनांचे प्लास्टिकचे बारीक गोळे सोडायचे. इलेक्ट्रॉन चपळ, आयन जड. त्यामुळे एकेका कणावर हजारो इलेक्ट्रॉन येऊन चिकटतात. सगळे ऋणभारित, एकमेकांना ढकलणारे, पण पात्रातलं विद्युत क्षेत्र बाहेरही पळू देत नाही. मग ते ठरावीक अंतर राखून उभे राहतात, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे षट्कोनी. असे स्फटिक १९९४ साली जर्मनी, तैवान आणि जपानमध्ये प्रत्यक्ष दिसले.

पोकळी पडते ती याच गर्दीत. मध्यभागी आयनीकरण, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटणं, जोरात असतं. तिथून आयन बाहेर वाहतात आणि जाता जाता धुळीला रेटतात. विद्युत क्षेत्र तिला आत ओढतं. हा रेटा आणि ती ओढ जिथे बरोबरीत सुटतात तिथे काठ पडतो, चांगला ठसठशीत. एकदा धूळ हटली की आत इलेक्ट्रॉन गिळणारं कोणी उरत नाही, आयनीकरण आणखी वाढतं आणि पोकळी टिकते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००१पासूनच्या प्रयोगांत ती धुळीच्या ढगाच्या मधोमध दिसली.

'पोकळी' इथे बसतो, कारण त्यात भोवतालचं भरलेपण गृहीत आहे. बांबू पोकळ असायला आधी बांबू लागतो. 'रिकामी जागा' म्हटलं की एसटीतलं सीट आठवतं, 'भगदाड' म्हटलं की कुणीतरी फोडलेली भिंत. 'धूळमुक्त क्षेत्र' अर्थाने अचूक, पण महापालिकेचा फलक वाटतो. मला स्वतःला वाड्यातला चौक आठवतो, भोवती सोपे आणि मधे मोकळं. परिभाषेत तो घुसवायचा धीर मात्र होत नाही. पहिल्यांदा 'धूळविरहित पोकळी' लिहा, पुढे नुसती पोकळी.

आणि हो, 'डस्टी'ला 'धुळकट' नको. धुळकट म्हणजे पुसायचं राहून गेलेलं कपाट. ही धूळ मुद्दाम सोडलेली. 'धूलियुक्त प्लाझ्मा' बरं. प्लाझ्माला 'आयनद्रायू' हा शब्द आहे, हवा तर वापरा. 'रक्तद्रव' तेवढा टाळा, तो डॉक्टरांचा प्लाझ्मा.