शारीरिक शिक्षणाचा तास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सहावी ते आठवीच्या वर्गांना शारीरिक शिक्षण शिकवतो. एका तासाला साठ मुले, मैदान लहान, आणि परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला दिला जातो. काय करावे?

उत्तर : तास मागितला जाईल तेव्हा मुख्याध्यापकांसमोर कायद्याचा आधार नम्रपणे मांडावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे, आणि सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाचीही, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचीही, तरतूद आहे.

साठ मुलांसाठी एकच खो-खोचा डाव मांडू नये, कारण त्यात पाठलाग करणारे नऊ आणि पळणारे तीन एवढेच एका वेळी मैदानात असतात व उरलेली मुले नुसती पाहत बसतात. त्याऐवजी चार-पाच गट करून लंगडी, दोरीवरच्या उड्या, चेंडूफेक असे खेळ आलटून पालटून द्यावेत.

मात्र माझ्या मते याहून महत्त्वाचे म्हणजे या वयातील शरीर ओळखणे. अकरा ते चौदा या वर्षांत हाडे झपाट्याने वाढतात, आणि धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखू शकते. अशा मुलाला कामचुकार न समजता त्याच्या उड्या कमी कराव्यात, आणि दुखणे टिकल्यास पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. मासिक पाळीच्या दिवसांत एखाद्या मुलीला विश्रांती हवी असेल, तर तिला सर्वांसमोर कारण विचारू नये.