गाण्याच्या वहीतली चिन्हं फॉन्टमध्ये कशी घालायची?

प्रश्न : मी गाण्याचे क्लास घेते. मुलांसाठी भातखंडे स्वरलेखन पद्धतीने बंदिशींची वही टाईप करतेय. कोमल स्वरांची आडवी रेघ, तीव्र मची उभी रेघ, मंद्राचं म्हणजे खालच्या सप्तकाचं टिंब, एका मात्रेतल्या स्वरांखालची कमान, हे सगळं अजून प्रिंटवर पेनाने काढावं लागतं. फॉन्टमध्येच टाकता येईल का?

उत्तर : येईल की! पण ताई, यातलं बरंचसं फॉन्टमध्ये आधीपासूनच आहे, वेदांच्या कृपेने. वेदपठणाच्या स्वरांसाठी युनिकोडने (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक यादी) देवनागरीत अक्षराखालची आडवी रेघ (0952) आणि डोक्यावरची उभी रेघ (0951) दिलेली आहे, म्हणजे तुमचे कोमल-तीव्र आयते तयार. विंडोजवर वर्डमध्ये ग टाईप करा, कीबोर्ड इंग्रजीवर आणा कारण मराठी आकडे इथे चालत नाहीत, गला चिकटून 0952 लिहा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा, झाला ग॒. तसाच म॑. मंद्राला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वापरा, फक्त नि लिहिताना आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी. तार सप्तकाला सरळ अनुस्वार द्या, सां, बरेच जण तेच करतात.

राहिली कमान. ती मात्र स्वतः बनवावी लागेल. त्यासाठी फॉन्टफोर्ज हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, पण देवनागरी फॉन्ट उघडून त्यात ढवळाढवळ करू नका, एखादा जोडाक्षराचा नियम बिघडला तर शोधता शोधता नाकी नऊ येतील, शिवाय विकतच्या फॉन्टमध्ये बदल करायला बहुतेक वेळा परवानगीच नसते. फक्त कमानींचा वेगळा छोटा फॉन्ट करा. युनिकोडने E000 (इंग्रजी ई) पासून पुढे 6400 जागा ज्याच्या त्याच्या खासगी चिन्हांसाठी मोकळ्या सोडल्यात, तिथे दोन, तीन, चार स्वरांच्या कमानी वेगवेगळ्या काढा. खरी गंमत मापात आहे. चिन्हाची रुंदी शून्य ठेवायची आणि कमान शून्याच्या रेषेच्या डावीकडे काढायची, म्हणजे ती आधी टाईप केलेल्या स्वरांच्या पोटाखाली जाऊन बसते. कोमलची रेघ आणि मंद्राचं टिंब सुटेल इतकी खाली घ्या, नाहीतर सगळी खिचडी दिसेल.

वही पाठवताना पीडीएफच पाठवा, त्यात फॉन्ट सोबत जातो. वर्डची फाईल पाठवलीत तर पालकांच्या मोबाईलवर कमानीच्या जागी नुसते चौकोन दिसतील.