कुठला हिरवा?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

हिरव्या रंगावरच्या तुझ्या लिखाणाची चार पानं आणि 'विषय बदलू का?' असं विचारणारं पत्र मिळालं. विषय बदलू नकोस. निसर्ग, समृद्धी, शांती, सौभाग्य अशी जपमाळ ओढून झाली आणि पाचवं पान सुचेना, म्हणून तुला रंगच बदलावासा वाटतोय. भगवा घेतलास तरी तेच होईल. त्याग, शौर्य, वैराग्य, की पुन्हा पान कोरं. गाडी रंगापाशी अडलेली नाही. 'कुठला हिरवा?' असं तुला आजवर कुणी विचारलंच नाही, म्हणून अडलीय. मी विचारते.

तू लिहितेस, जुलैत पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेले, सगळं हिरवंगार होतं, मन शांत झालं. झालं असेल. पण त्यातला बराचसा हिरवा गिरिपुष्पाचा. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली तरी फुटतं, भराभर वाढतं, म्हणून वनीकरणात आपल्या टेकड्यांवर आलं. हिवाळ्यात पानं टाकून खराट्यासारखं उभं राहतं. टेकडीचं मूळ रूप विरळ झाडीचं. सालई, मोई, गणेर आणि मधल्या मोकळ्या जागेत कुसळी गवत. हे गवत दिवाळीनंतर पिवळं पडतं, ते पडायलाच हवं. पण लोकांना ती टेकडी 'उजाड' वाटते आणि कुदळ-फावडी घेऊन निघतात. हिरवा पाहिजे, कुठला ते नको! तुझी चार पानं याच घाईने लिहिलेली आहेत.

आता माझ्या कापड रंगवायच्या धंद्यातलं ऐक. जगात एवढी पानं, पण पानं उकळून कापडावर टिकेल असा हिरवा काही मिळत नाही. मळकट पिवळा मिळतो, फार तर खाकी. आपल्या रंगाऱ्यांनी हिरवा केला तो दोन रंग एकावर एक चढवून. आधी नीळ, मग वरून हळदीचा नाहीतर डाळिंबाच्या सालीचा पिवळा. हे तू वाचलं असशील, पाहिलेलं नाहीस. निळीच्या पिंपातलं पाणी निळं नसतंच. वर तांबूस साय आणि निळा फेस, आणि तो बाजूला सारला की खाली पिवळसर हिरवं. कापड बुडवून वर काढलं की पोपटी येतं. हवा लागली की कडांपासून निळं होत जातं, घड्यांच्या आत पोपटी जरा जास्त टिकतं, आणि घडी उलगडली की तेही गेलं. आयुष्य गेलं हे बघण्यात, अजून नजर हटत नाही.

वरून दिलेला पिवळा उन्हात विटतो, हळदीचा तर फारच लवकर. जुन्या छिटांवरची, म्हणजे नक्षीदार सुती कापडांवरची, पानं आज निळी दिसतात, ती मुळात निळी रंगवलेली नव्हती. पिवळा उडाला, नीळ राहिली. एका दुकानदाराने मला ओटीच्या खणांचं मोठं काम देऊ केलं होतं. अट एकच, रंगाची लेखी हमी. मी म्हटलं, हळद आहे, विटणार. काम दुसरीकडे गेलं. घरच्यांनी वेड्यात काढलं, आणि त्या दिवाळीला माझ्याकडच्या बायकांना नुसत्या फराळावर पाठवावं लागलं, हे अजून डाचतं. पण हमी दिली असती तर ती खोटी ठरली असती. कुठला हिरवा विकतेय हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, तर मग रंगवायचं कशाला? (तुला हा हट्ट वाटेल. वाटू दे.)

परंपरेचंही तेच. हिरवा चुडा, हिरवा खण, डोहाळजेवणाची हिरवी साडी, आणि तू 'सौभाग्याचा रंग' एवढं लिहून मोकळी! कुणाचं सौभाग्य, किती दिवसांचं? नवरा गेला की बाईच्या हातातला तोच चुडा फोडतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. हे तुझ्या लिखाणात का नाही? तो हिरवा नाही का? यजमान गेल्यावर मी हिरवं सोडलं नाही, तर काही घरांतली हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या अंगावर मीच रंगवलेले खण होते, तेव्हा मी काय ते समजले.

घटाकडे तरी नीट पाहिलंस का कधी? नवरात्रात देव्हाऱ्यापाशी पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वर येतं ते पिवळट, फिकं. उजेड लागल्याशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उजेड कुठला? दसऱ्याला तेच फिकं रोप माणसं टोपीत खोवतात आणि कुणाला ते कमअस्सल वाटत नाही. मला तर समृद्धीबद्दल तुझ्या पानभर मजकुरापेक्षा त्यात जास्त दिसतं. तुझ्या आईच्या घरात दरवर्षी घडतंय हे, आणि तू मोबाइलवर अर्थ शोधत बसलीस.

रागावले असं समज हवं तर. तुझ्यात चिकाटी नसती तर तुला एवढं लिहिलं नसतं, 'छान चाललंय' म्हणून मोकळी झाले असते. एकच हिरवा धर. चुडा, घट, गिरिपुष्प, नीळ, काहीही. सगळे धरू नकोस. जो धरशील तो कुठून आला, किती दिवस टिकला, कुणाला मिळाला आणि कुणाचा काढून घेतला, एवढं शोध. अर्थाचं नंतर बघू.

रविवारी सकाळी लवकर ये, पीप तयार असेल. जुने कपडे घालून ये, नखांतली नीळ आठवडाभर निघत नाही. ती चार पानं घरीच ठेव.

तुझी,
मावशी