आजीच्या आठवणी लिहून ठेवायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुमची अडचण अशी की आजी गेली आणि तिच्याबद्दल विचारलं की घरातले सगळे "फार मायाळू होती, कुणाला नाही म्हणायची नाही" एवढंच सांगतात. पुढच्या पिढीसाठी तेवढ्यावर काय लिहायचं?

सुरुवात घरापासून करूच नका. दिल्याची गोष्ट घेणाऱ्याजवळ असते; मनानं मोठं माणूस ती घरात बोललेलंही नसतं. शेजारी, तिच्या मैत्रिणी, कामाला येणाऱ्या बाई, शिकायला म्हणून घरी राहून गेलेले भाचे-पुतणे, अशांची यादी करा. त्यातही वयानं मोठे आणि तब्येतीनं थकलेले आधी. आपल्या सोयीनं क्रम लावला की नेमकं तेच माणूस राहून जातं.

"आजी कशी होती?" असं विचारलंत की उत्तर विशेषणातच येणार. त्यापेक्षा विचारा: तिनं तुम्हाला काय दिलं होतं? कशात गुंडाळून? देताना काय म्हणाली? कुणाला कळू द्यायचं नव्हतं? नको म्हटलं तर काय करायची? तेव्हा तिच्या स्वतःकडे कितीसं होतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण उरलेल्यातून देणं वेगळं आणि स्वतःची गरज मागं ठेवून देणं वेगळं. "गरजूंना मदत करायची" हे कुठल्याही आजीला चिकटवता येतं. "फीचे पैसे वहीच्या कव्हरात सरकवून वही परत करायची, म्हणजे पोराला हात पुढं करावा लागू नये" असं काही हाती आलं की ते एकाच आजीचं असतं. तिचा राग, हट्ट, कुणाशी धरलेला अबोला हेही विचारा. नुसत्या गुणांच्या वर्णनात ओळखीचं माणूस सापडत नाही.

बोलणं रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन दुमडलेल्या रुमालावर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर प्रत्येक ठोका आवाजात येतो. पाऊण तास पुरे, त्यानंतर माणूस थकतं आणि तेच तेच सांगू लागतं. सोबत जुने फोटो न्या. फोटो हातात आला की न विचारलेलंही बाहेर येतं. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवायला चार-पाच तास सहज जातात, म्हणून त्याच रात्री निदान नावं आणि मुख्य प्रसंग टिपून ठेवा.

साल विचारलं की लोक अंदाज ठोकतात. "तेव्हा थोरल्याचं लग्न झालं होतं का? धाकटी शाळेत जायची का?" असं विचारून काळ बांधा आणि मग कागदपत्रांशी ताडून पाहा. दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला तर दोन्ही लिहा, कोण म्हणालं त्यासकट. मदत घेतलेल्यांची नावं मात्र त्यांच्या परवानगीशिवाय नकोत. आजीनं जे झाकून ठेवलं ते आपण चव्हाट्यावर आणायचं नाही.

फोटो ३०० डीपीआयवर (स्कॅनरमधली बारकाव्याची सेटिंग) स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे ६०० वर. मागं नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, अगदी हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, फाटतो. निघत नसेल तर पानासकटच स्कॅन करा. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, एरवी दर्जा उतरतो.

या सगळ्याच्या आधी, जमलं तर आजच, एक काम उरका: कुणाच्या फोनमध्ये आजीचे व्हॉइस मेसेज किंवा व्हिडिओ असतील तर ते काढून घ्या. फोन बदलला, बिघडला की ते जातात. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहा. बंद पडलेली हार्ड डिस्क बाहेरून ओळखू येत नाही.